नऊ गावांचा भाचा

मला खेळाचं फार प्रेम होतं असं लोकांना वाटतं. हल्ली एखाद्या शाळेच्या मैदानाचा नारळ फोडायचा असला की मला बोलावतात, गळ्यात हार घालतात आणि 'खेळासाठी आयुष्य वेचलं' वगैरे बोलतात. मी ऐकून घेतो, कारण नंतर चहा मिळतो. खरं सांगायचं तर मी रागावर खेळलो. नेटच्या पलीकडे कुणीतरी नावडतं माणूस उभं असल्याशिवाय माझा हात कधी नीट बसला नाही, आणि नावडत्या माणसांचा तुटवडा मला आयुष्यात कधी पडला नाही.

त्यातलं पहिलं माणूस माझ्याच गावचं. बेंबळीपासून दीड कोसावर आमचं गाव. आम्ही धनगर. दिवाळी झाली की बा आणि आई मेंढरं घेऊन भूम-परांड्याकडे जायची ती पावसाच्या तोंडाला परत यायची. मी शिकावं म्हणून मला चुलतीजवळ ठेवलं होतं. बेंबळीच्या शाळेत हैदराबादकडून आलेले एक ड्रिल मास्तर होते. त्यांनी शाळेमागे दोन खांब रोवले, मध्ये विहिरीचा नाडा बांधला आणि आम्हाला व्हॉलीबॉल शिकवला. माझी उंची बघून ते म्हणाले, "बेटा, तू फक्त उडी मार, बाकी सगळं बॉल करंल." मला दुसरं काही येतही नव्हतं. शाळेची सुरुवात उर्दूत झाली, पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम गेला आणि शेवटची दोन वर्षं मराठीत झाली. मी मिडल पास झालो, तो एकाही भाषेत धड न बोलता.

गावात संघ काढला तो माली पाटलाच्या मुलाने. सारा वसूल करणाऱ्या पाटलाला आमच्या मुलखात माली पाटील म्हणत. मुलगा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. बॉल त्याने सोलापूरहून विकत आणलेला, म्हणून कप्तानही तोच. तो नेटजवळ उभा राहून बॉल वर उचलून द्यायचा आणि मी मारायचो. देतो म्हणजे उपकार करतो अशा थाटात ओरडायचा, "हाण रे मेंढक्या!" मी हाणायचो. बॉल दिसायचा नाही, त्याचं तोंड दिसायचं.

पहिल्याच वर्षी आम्ही बेंबळीच्या जत्रेत ढाल जिंकली. गावात वाजतगाजत मिरवणूक काढली. सजवलेल्या बैलगाडीत कप्तान ढाल घेऊन उभा, त्याच्या मागे आणखी चार खेळाडू. मी चढायला लागलो तर तो म्हणाला, "आरं, तू खालीच ऱ्हा. बैलं बुजत्यात, तुला जनावराची सवय हाय." निम्म्याहून जास्त गुण माझ्या हाताचे, आणि मी कासरा धरून सगळ्या गावातून चाललो. चुलती दारात उभी होती, तिने मला बघितलं आणि ती आत गेली. त्या दिवशी मी ठरवलं की या गावासाठी पुन्हा उडी मारायची नाही.

दुसऱ्या गावाकडून खेळणं सोपं नव्हतं. जत्रेतल्या सामन्यांचा एक नियम सगळीकडे सारखा असे. संघात गावचीच माणसं पाहिजेत. गावचा म्हणजे तिथे राहणारा, नाहीतर गावच्या लेकीचा मुलगा, भाचा. यादीवर पाटलाची सही लागायची आणि पंच ती मोठ्याने वाचायचे. पण ढाल कुणाला नको असते? म्हणून गावं भाचे बनवायची. गावातली एखादी म्हातारी तयार करायची, तिने पंचांपुढे येऊन सांगायचं की हा माझ्या लेकीचा पोर. तिच्या घरी मी दोन दिवस जेवायचो, सामना जिंकून द्यायचो आणि फेटा-नारळ घेऊन पुढची वाट धरायचो. अशा रीतीने दोन वर्षांत मी नऊ गावांचा भाचा झालो. भूमचा झालो, परांड्याचा झालो, नळदुर्गाकडच्या दोन गावांचा झालो.

याची मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. परांड्याच्या म्हातारीने मात्र मला खरंच जीव लावला. ताटात तुपाची धार धरायची, निघताना कानशिलावर बोटं मोडायची. पुढच्या साली मी भूमच्या बाजूने परांड्याविरुद्ध उभा राहिलो तेव्हा ती काठी टेकत मैदानाच्या कडेला आली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "मेल्या, तुला आज्या तरी किती?" लोक पोट धरून हसले. मी पुढचे चार बॉल असे मारले की परांड्याचा एक गडी पोटावर हात धरून खाली बसला. म्हातारी निघून गेली. मला तिचा राग आला होता, आणि तो बरेच दिवस गेला नाही.

मग सोलापूर आलं. तिथल्या एका गिरणीच्या संघाच्या माणसाने मला नळदुर्गाकडे खेळताना पाहिलं आणि विचारलं, येतोस का? तेव्हा सोलापूर मुंबई राज्यात आणि आम्ही हैदराबाद राज्यात. मध्ये सरहद्द होती, पण एसटीत बसलं की तीन तासांत ओलांडता यायची. गिरणीने मला बदली कामगार म्हणून घेतलं. बदली म्हणजे रोज सकाळी दरवाज्यात उभं राहायचं, कुणी आला नाही तर त्याच्या जागी काम. खेळणाऱ्याला मात्र काम हमखास मिळायचं आणि त्यावर एक शब्द मिळायचा, 'कायम'. यंदाची ट्रॉफी आण, तुला कायम करतो. मी बार्शीहून आणली. पुढल्या साली कोल्हापूर झालं, सांगली झाली, गुलबर्गा झालं. प्रत्येक ट्रॉफीबरोबर फोटो काढला आणि प्रत्येक फोटोनंतर गिरणीच्या साहेबांनी पुढल्या सालाचं नाव घेतलं. मला वाटायचं, कायम झालो की बापाला मेंढरं विकायला लावीन आणि गावाकडे तोंडही फिरवणार नाही.

संघातल्या गड्यांना मी नको होतो. माझ्यामुळे त्यांचा एक माणूस बाकावर बसला होता. ते मला नावाने हाक मारत नसत. आमच्या भागाला ते मोगलाई म्हणायचे आणि मला मोगलाईतलं मेंढरू. खोलीत माझं अंथरूण दाराशी. मी पण कुणाशी गोड बोललो नाही. बॉल चांगला आला तर मारायचो, वाईट आला तर देणाऱ्याकडे बघून मातीत थुंकायचो. तरी आम्ही जिंकत होतो. एकमेकांवर खार खाणारी सहा माणसं एका बाजूला उभी केली की काय होतं ते मी बघितलं आहे. समोरच्याची धडगत नसते.

तिसऱ्या वर्षी गिरणीचा संघ धाराशिवच्या उरुसातल्या सामन्यांना आला. सरकारी कागदावर गाव उस्मानाबाद होतं, तोंडात धाराशिव. उपांत्य सामन्यात समोर कोण, तर आमचं गाव. कप्तान तोच. यादी वाचली गेली, माझ्या नावापुढे 'राहणार सोलापूर' असं आलं आणि त्याने हात वर केला.

"पंच, हरकत हाय. ह्यो आमच्या गावचा. आमच्या यादीत नाव व्हतं ह्याचं. सोलापूरकडनं खेळता येत न्हाय."

मैदानाभोवती हजारभर माणसं असतील. ज्याने मला बैल धरायला लावले तो आज मला गावचा म्हणत होता, आणि तेही मला बाहेर काढण्यासाठी. मी त्याच्या अंगावर गेलो.

"कधीपास्नं तुझ्या गावचा झालो रं?" मी विचारलं.

तो हसला. "तसं बघाय गेलं तर मेंढरामागं फिरणाऱ्याला गाव कुठलं? पर कागदावर हाईस ना बाबा."

पंच भांडणाला कंटाळले होते. त्यांनी कागद-दौत पुढे केली आणि म्हणाले, तू कुठला राहणारा ते स्वतःच्या हाताने लिहून दे, आम्हाला तेवढं पुरे. लिहायची होती एक ओळ. मी चार लिहिल्या. लिहिलं की मी सोलापूरचा रहिवासी आहे, माझ्या वाडवडिलांचं घर त्या गावात कधी नव्हतं, आम्ही तिथले नाही आणि माझा त्या गावाशी काहीएक संबंध नाही. खाली सही केली. वाचून दाखवा म्हणालो, आणि पंचांनी ते मोठ्याने वाचलं. इतकं सुख मला कुठल्याही ट्रॉफीने दिलं नव्हतं. सामना सुरू झाल्यावर पहिलाच उंच बॉल मी कप्तानाच्या तोंडावर मारला. त्याचं नाक फुटलं. तो सदऱ्याने रक्त पुसत खेळला आणि हरला. हरल्यावर पंचांकडे गेला, गावाला दाखवायला म्हणून तो कागद मागून घेतला आणि घडी करून खिशात घातला. मी ते बघितलं होतं. घेऊ दे, चाटू दे, असं मनाशी म्हणालो.

पुढच्या हिवाळ्यात माझा खांदा गेला. कसा गेला त्यात सांगण्यासारखं काही नाही. सरावात एकदा हात वर नेला तो खाली येताना कळ घेऊन आला, आणि नंतर कानाच्या वर जाईना. दोन महिने गिरणीने दरवाज्यात उभं केलं. तिसऱ्या महिन्यात सोलापूरकडच्याच एका गावाहून माझ्याहून उंच पोरगा आला. साहेबांनी त्यालाही कायमचा शब्द दिला असणार. मी ट्रंक उचलली. निरोप द्यायला कुणी उठलं नाही, मीही कुणाला हात जोडले नाहीत. एसटीत बसल्यावर मात्र मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

गावात परत आलो तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि माझ्यापाशी एक दुखरा खांदा व सात फोटो होते. चुलतीच्या घरी तोंड लपवून राहत होतो. तेवढ्यात बेंबळीच्या त्या ड्रिल मास्तरांचा निरोप आला. ते आता म्हातारे झाले होते, धाराशिवच्या सरकारी शाळेत बदलून गेले होते आणि त्यांच्या हाताखाली एक जागा निघाली होती. सहायक ड्रिल मास्तर. मिडल पास चालणार होता, खेळलेला पाहिजे होता, आणि नोकरी कायम होती. पहिल्या दिवसापासून कायम.

"फक्त मुलकी सर्टिफिकेट आण," मी जाऊन भेटलो तेव्हा ते म्हणाले. "बाकी मी बघून घेतो."

हैदराबाद राज्यात तेव्हा सरकारी नोकरीला हा दाखला लागायचा. पंधरा वर्षं किंवा जन्मापासून तुम्ही याच राज्याचे रहिवासी आहात, बाहेरचे नाही, असं गावच्या पाटील-पटवाऱ्याने सांगायचं, मग तहसीलीतून माणूस येऊन चौकशी करायचा. म्हातारा पाटील मरून वर्ष झालं होतं. आता माली पाटील म्हणजे आमचा कप्तान.

मी त्याच्या वाड्यावर गेलो. तो सुपारी कातरत बसला होता, नाकावर अजून वण होता. त्याने मला बस म्हटलं नाही. "अर्ज दे," म्हणाला. "चौकशीत जे खरं हाय ते निघंल." त्याने उरुसातल्या कागदाचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. फाटला असेल, उंदरांनी खाल्ला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. माणूस दुसऱ्याला ओळखण्यात चुकतो ते मी समजू शकतो, पण मी त्याला चांगला ओळखत होतो.

घरच्या मोठ्या माणसाची जबानी लागणार होती म्हणून मी बाला आणायला भूमकडे गेलो. एका शेतात त्याची मेंढरं बसली होती. मी एवढंच सांगितलं की नोकरीचा कागद आहे, आपण इथले किती वर्षांचे ते तुम्ही सांगायचं आहे. त्याने मेंढरं भावाच्या हवाली केली आणि दोन दिवस माझ्याबरोबर चालत आला. उरुसातल्या प्रकाराबद्दल मी त्याला चकार शब्द सांगितला नाही. वाटेत त्याने एकदाच विचारलं, "मास्तर म्हंजे शाळंतला मास्तर?" मी हो म्हणालो. त्यानंतर तो चालायला लागला तो माझ्यापुढे गेला.

चौकशीला तहसीलीतून गिरदावर आला. पटवाऱ्यांवर देखरेख ठेवणारा हा अंमलदार. पोक्त मुसलमान गृहस्थ, कामाशी काम ठेवणारे. चावडीत सगळं गाव जमलं. उरुसात हरलेले पाचही जण पुढे बसले होते. पटवाऱ्याने घराची नोंद दाखवली, पण घर बंद असतं आणि माणसं सहा-सहा महिने बाहेर असतात हेही सांगितलं. मग कप्तानाने पागोट्याच्या घडीतून तो कागद काढला. गिरदावरांनी तो वाचला, परत वाचला आणि माझ्याकडे वळले.

"क्यों जी, हे तुमच्याच हातचं आहे?"

"हो," मी म्हणालो. अक्षर नाकारता येण्यासारखं नव्हतं.

"यात तर तुम्ही लिहिलंय की तुमच्या वाडवडिलांचं घर इथं नव्हतं. मग हे घर कुणाचं?"

चावडीत कुणीतरी खाकरलं. कप्तान सुपारी चघळत होता. मी तोंड उघडायच्या आतच बा उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायांवर दोन दिवसांची धूळ. त्याने आधी गिरदावरांना रामराम केला.

"सायेब, त्या कागदात काय हाय ते मला वाचता येत न्हाय," तो म्हणाला. "पर माझ्या पोरानं ल्हिलंय म्हंता ना? मग त्ये खरं हाय. माझं पोरगं खोटं ल्हीत न्हाय. अख्ख्या घरात त्यो येकटा ल्हिनारा. म्या हिशेबाला न्हाय चुकलो आन् त्यो अक्षराला न्हाय."

मागून हसण्याचा एक मोठा लोट आला. बाला वाटलं, लोक त्याच्या अडाणीपणाला हसतायत. त्याने मान ताठ केली. माझी नोकरी आपण आपल्या तोंडाने घालवत आहोत हे त्याला कळलंच नव्हतं. तो माझी बाजू घेत होता. बापाने चारचौघांत माझी बाजू घेतल्याचं मला तोवर आठवत नव्हतं.

गिरदावर हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "वडील म्हणतात खरं आहे. तुम्ही बोला. खरं असेल तर दाखला मिळणार नाही. खोटं असेल तर तसं सांगा, मी लिहून घेतो."

म्हणजे मला एक वाक्य बोलायचं होतं. मी बाकडे बघितलं नाही, कप्तानाकडे बघितलं. आयुष्यभराची तीच सवय. त्याच्या तोंडावर ते उरुसातलं हसू होतं, आणि हा हसत घरी जाता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"खोटं आहे," मी म्हणालो. "रागाच्या भरात सगळं खोटं लिहिलं."

गिरदावरांनी ते लिहून घेतलं, सही घेतली. बाला जबानी पुन्हा विचारली. घर कुणी बांधलं? माझ्या बानं. तुम्ही जन्मला कुठं? हितंच. एवढं बोलून तो खाली बसला. कप्तानाचं हसू गेलं खरं, पण मला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही. महिन्याभरात दाखला आला. मी धाराशिवला रुजू झालो आणि कायम झालो. पुढे राज्यं बदलली, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्र झाला. माझी नोकरी तीच राहिली. पोरांना मी उडी मारायला शिकवलं आणि खोटं बोललेलं सापडलं तर रूळही मारला.

त्या दिवशी चावडीतून बा तडक निघाला. मी मागे धावलो. म्हटलं, "बा, नोकरी मिळंल आता." तो म्हणाला, "मिळू दे." आणि भूमच्या वाटेला लागला.

तोवर बाची एक रीत होती. चराईची पावती असो, तहसीलीचं पत्र असो, कुठलाही कागद आला की तो घोंगडीच्या गाठीत बांधून ठेवायचा आणि मी भेटेन तेव्हा महिन्याने, दोन महिन्याने का होईना, माझ्याकडूनच वाचून घ्यायचा. आपला माणूस असताना परक्याला कशाला दाखवायचं, असं म्हणायचा. मी मास्तर झालो, धाराशिवात घर केलं, दर सुट्टीत गावी गेलो. त्याने माझ्यापुढे पुन्हा एकही कागद ठेवला नाही. चुलतीला विचारलं तेव्हा ती आधी सांगेना. मग म्हणाली, कागद आला की तुझा बा पाटलाच्या वाड्यावर जातो आणि कप्तानाकडून वाचून घेतो.